माय कोणाची, पडदा कोणाचा?

आई आणि मुलगी हा विषय सध्या पडद्यावर फार चालतो. मोबाईलच्या पडद्यावर, महानगरातल्या कलादालनांच्या भिंतींवर, संस्थांच्या वार्षिक अहवालासोबत येणाऱ्या तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये, आणि मे महिन्यात 'मदर्स डे' आला की दागिन्यांच्या नि तेलाच्या जाहिरातींत. अलीकडे तर त्यासाठी कॅमेराही लागत नाही. यंत्राला चार शब्द सांगितले की अर्ध्या मिनिटात ते एक आदिवासी आई तयार करून देतं. कपाळावर गोंदण, डोईवर मोळी, कडेवर लेक, पाठीमागे सोनेरी उन्हातलं धुक्याचं जंगल. असं एक चित्र गेल्या वर्षी माझ्या फोनवर अकरा गटांतून आलं. त्यातले चार गट आपलेच होते, स्त्री-संघटनांचे. त्या बाईच्या डोईवरची मोळी कुठल्याही झाडाची नव्हती, गोंदण कुठल्याही जमातीचं नव्हतं आणि उजव्या हाताला सहा बोटं होती. खाली लिहिलं होतं, 'माय असावी तर अशी!' आमच्या एका कार्यकर्तीने त्यावर फुलं टाकली होती.

मैत्रिणींनो, मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बारा वर्षं काम करते आहे. माझं म्हणणं सरळ आहे. आई-मुलीच्या नात्यावरची जी डिजिटल कला म्हणून आपल्यासमोर येते, तिच्यातली बरीचशी आईची नाही आणि मुलीचीही नाही. ती बघणाऱ्याची आहे. आमच्या जिल्ह्यांतून तेंदूपत्ता कच्चा जातो, मोहफूल कच्चं जातं, बांबू जातो, लोहखनिज जातं. त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी ठरते. आता त्या यादीत मायचा चेहराही गेला आहे. आणि तो नेताना अडवायला आपण नाही, उलट गाडी भरून द्यायला आपण आहोत.

चंद्रपूर जिल्ह्यातली सगळ्यांत जास्त फोटो काढली गेलेली आई कोण? ती बाई नाही. ती 'माया' नावाची वाघीण. ताडोब्याच्या पांढरपौनी भागातली ही वाघीण आणि तिची पिल्लं यांचे किती फोटो, किती चित्रफिती असतील याचा हिशोब नाही. पिल्लाला जबड्यात धरून नेणारी माया, पाण्यात बसून लेकरांकडे बघणारी माया. तिच्या आईचं नाव लीला, हे मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला पाठ असतं. २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पुढे सापडलेल्या अवशेषांची डी.एन.ए. तपासणी करून ती मेल्याचं जाहीर झालं. वाघिणीशी माझं भांडण नाही. पण १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी, एकाच ठिकाणी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या मे महिन्यात अशा बातम्या एकामागून एक येत राहिल्या. त्या बायांची आई कोण, लेकी किती, त्या लेकी आता कोणाजवळ आहेत, हे कुणाला पाठ आहे? वाघिणीच्या चार पिढ्यांची वंशावळ सांगणारा माणूस तेंदू तोडणाऱ्या बाईबद्दल 'एक महिला ठार' एवढंच बोलून थांबतो.

आणि ही पानं तोडणं म्हणजे आई-मुलीचंच काम असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. शाळांना सुट्या लागलेल्या असतात. पहाटे चारला माय लेकीला उठवते. पानं तोडून आणायची, दुपारी अंगणातल्या सावलीत बसून सत्तर पानांचा एकेक पुडा लावायचा, लेकीनं तो बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. लेकीच्या पुढच्या वर्षाच्या वह्या, चपला, कधीकधी तिच्या लग्नाचं कर्ज, सगळं त्या पुड्यांत असतं. कुणाला आई-मुलीवर चित्र काढायचं असेल तर ते इथे, त्या सावलीत, आहे. पण तिथे प्रकाश चांगला नसतो म्हणे.

जंगलात कॅमेरे काही कमी नाहीत. वाघ मोजायला झाडाझाडाला बांधलेले असतात. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात शौचाला बसलेल्या एका बाईचा फोटो अशा कॅमेऱ्यात आला आणि तो गावातल्या पुरुषांच्या फोनांवर फिरला. त्यानंतर बायांनी काय केलं? जंगलात जाताना गाणं बंद केलं. एरवी त्या गात जात, त्याने सोबत होई आणि जनावरही दूर राही. कॅमेऱ्याखाली गायचं कसं, म्हणून गप्प चालू लागल्या, किंवा कॅमेरा नसलेल्या दाट रानात शिरू लागल्या, म्हणजे धोका आणखी वाढला. माय-लेकींच्या गळ्यातलं गाणं एका यंत्राने असं बंद पाडलं. याच्यावर कुठे प्रदर्शन भरलेलं मी ऐकलं नाही.

एक प्रदर्शन मात्र मी पाहिलं. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी महानगरात गेले होते, तिथल्या एका मैत्रिणीने आग्रहाने नेलं. काळोखी खोली, तीन भिंतींवर तीन पडदे. तिन्हींवर एकच दृश्य तीन बाजूंनी. घराच्या ओट्यावर बसलेली एक माडिया बाई आणि तिच्या पुढ्यात दहा-अकरा वर्षांची मुलगी. बाई लाकडी फणीने मुलीचे केस विंचरते आहे. चित्र अतिशय संथ केलेलं, एकेक केस सुटताना दिसेल इतकं. नावात 'मुळं' असा काहीसा शब्द होता. बाकावर बसलेली माणसं श्वास रोखून बघत होती. खरं सांगायचं तर मीही पाहत राहिले. सुंदर होतं ते. नंतर खाली आवाज चालू आहे हे लक्षात आलं. आवाज संथ केलेला नव्हता. रानातले पक्षी, कोंबडा, आणि त्या दोघींचं बोलणं. माझी माडिया तोडकी आहे, तरी दहा मिनिटं एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकल्यावर समजायला वेळ लागला नाही. आई म्हणत होती, ऊन त्या खांबापर्यंत येईस्तोवर बसायला सांगितलंय, हलू नकोस; धान कांडायचं राहिलंय; हे लोक पैसे आज देतील की उद्या? मग मुलगी म्हणाली, मला परत शाळेत नको सोडू. मी नाही जाणार तिथं. आणि आईचा हात थांबला.

पडद्यावर ते थांबणं फार देखणं दिसत होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी तेव्हा सुस्कारा सोडला.

मी बाहेर येऊन विचारलं की या बोलण्याचं भाषांतर कुठे आहे. उत्तर मिळालं, इथे भाषा अर्थासाठी नाही, वातावरणासाठी आहे. मी विचारलं, गाव कोणतं? उत्तर मिळालं, गोपनीयतेमुळे सांगता येणार नाही. चेहरा बारा फूट उंच करून भिंतीवर लावताना गोपनीयता आड आली नाही, ती आली गावाचं नाव सांगताना!

आमच्याकडच्या आश्रमशाळेतली मुलगी 'मी परत जाणार नाही' असं म्हणते तेव्हा ते वातावरण नसतं. ती माहिती असते. जेवण असेल, खरूज असेल, मार असेल, घराची आठवण असेल, भाषा असेल. घरी माडिया आणि वर्गात मराठी, पहिली दोन वर्षं पोर मुकीच असते. किंवा याहून वाईट असेल. २०१९ मध्ये राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा त्यांच्या आया नुकसानभरपाईच्या पैशासाठी तक्रारी करतात असं जाहीर बोलणारे पुढारी निघाले होते. म्हणजे आई बोलली तर ती पैशासाठी बोलते, आणि पडद्यावर बोलली तर ते वातावरण. तिचं बोलणं नुसतं बोलणं म्हणून कोण ऐकणार?

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्हाला कलाच नको आहे. रस्ते नाहीत, पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावं लागतं, आणि तुम्ही प्रदर्शनाचं काय घेऊन बसलात. हा आक्षेप आपल्या चळवळीत जुना आहे आणि मला तो मुळीच मान्य नाही. आपली चळवळ कलेवरच तर उभी राहिली. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेने गावोगाव नेलं, ते काही रस्ते झाल्यावर नेलं नव्हतं. पोस्टर, गाणी, पथनाट्यं, स्लाइड-शो हे त्या वेळचं आपलं तंत्रज्ञान होतं. पोस्टर घेऊन गेलेली कार्यकर्ती त्या पोस्टरशेजारी उभी असायची. गावातल्या बाईने विचारलं की ही चित्रातली बाई अशी का बसली, तर उत्तर द्यायला समोर माणूस होता. आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांना सुशिक्षित लोक नाकं मुरडतात. धान निघालं की वडशाच्या कंपन्या गावोगावच्या मंडईत रात्रभर खेळ करतात, त्यात रडकी माय आणि सोसणारी लेक ठरलेली. मलाही ती माय सोसवत नाही. पण तिथे निदान प्रेक्षक समोर बसलेला असतो, चूक झाली की ओरडतो, आणि माय आवडली नाही तर सकाळी हातपंपावर बाया तिची सालं काढतात.

तेव्हा प्रश्न कलेचा नाही आणि यंत्राचाही नाही. हे मी उदाहरणाने सांगते.

मोना हातूम ही पॅलेस्टिनी आईबापांची बैरूतमध्ये जन्मलेली कलावती. १९७५ मध्ये ती लंडनला गेलेली असताना लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली आणि तिला परतता आलं नाही. आई बैरूतला, मुलगी लंडनला. १९८८ मध्ये तिने पंधरा मिनिटांची एक चित्रफीत केली, 'मेझर्स ऑफ डिस्टन्स'. तिच्यात आईचे न्हाणीतले फोटो आहेत, मुलीने आईच्या संमतीने काढलेले, आणि त्या फोटोंवर आईच्या पत्रांतली अरबी अक्षरं पडद्यासारखी पसरलेली आहेत. मुलगी ती पत्रं इंग्रजीतून वाचते. मागे दोघींचं अरबी बोलणं, हसणं चालू. फोटो काढल्याचा वडिलांना राग आला होता, जणू त्यांच्या मालकीच्या वस्तूला मुलीने हात लावला, हेही आईच पत्रात लिहिते. आई आपल्या शरीराबद्दल, इच्छेबद्दल बोलते, कारण मुलीने विचारलं आहे. यात आईचं उघडं शरीर दिसतं, तरी बघणाऱ्याला ते फुकट मिळत नाही. आधी आईच्या शब्दांमधून जावं लागतं. त्या महानगरातल्या तीन पडद्यांवरच्या बाईच्या अंगावर पूर्ण लुगडं होतं, आणि शब्द मात्र काढून घेतलेले होते. दोघींत उघडी कोण, तुम्हीच सांगा.

दुसरं उदाहरण आपल्याच चळवळीतलं. दिल्लीच्या सत्यराणी चढ्ढांची मुलगी १९७९ मध्ये सासरी जळून मेली. ती गरोदर होती. ही आई तीन दशकांहून अधिक काळ कोर्टाच्या पायऱ्या चढली, आणि मुलगी अशीच गमावलेल्या शहाजहान आपांबरोबर तिने 'शक्ती शालिनी' उभी केली. शीबा छाछी त्या काळात मोर्च्यांचे फोटो काढायची. पुढे तिलाच प्रश्न पडला की मूठ वळलेल्या, ओरडणाऱ्या बाईचा फोटो काढून मी त्या बाईबद्दल नेमकं काय सांगते? मग तिने सात कार्यकर्त्या बायकांबरोबर बसून फोटो केले. कुठे बसायचं, जवळ काय ठेवायचं, कसं दिसायचं, हे त्या बायकांनी ठरवलं. सत्यराणींचा फोटो १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात निघाला. जागा कोणाच्या सांगण्याने निवडली गेली ते वेगळं सांगायला नको. ही शीबा पुढे व्हिडिओ आणि डिजिटल माध्यमाकडे वळली. तंत्र बदललं म्हणून बाई विकली जाते असं नाही.

नलिनी मलानींचंही नाव घ्यायला हवं. २००५ ची त्यांची 'मदर इंडिया' ही पाच पडद्यांवरची कलाकृती फाळणीत पळवल्या गेलेल्या बायका आणि २००२ चा गुजरात यांच्यावर आहे. देशाला आई म्हणायचं आणि बाईच्या देहावर देशाची सीमा आखायची, या ढोंगावर आहे. पुढे सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी टॅबच्या काचेवर बोटाने चित्रं काढून ती हलती केली आणि इन्स्टाग्रामवर टाकायला सुरुवात केली. अशा ८८ चित्रांची 'कॅन यू हिअर मी?' ही मांडणी २०१८ मध्ये कठुआत मारल्या गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी आहे. तिच्यात त्या मुलीचा फोटो नाही. त्या वेळी देशभर तिचा फोटो आणि नाव फिरत होतं, तेव्हा एका ज्येष्ठ बाईने तिचा चेहरा न वापरता तिची हाक ऐकवली. यात आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मात्र हेही म्हणते की मलानींचं काम मी पाहिलं ते फोनवर, तुकड्यांत. गडचिरोलीतल्या बाईला ते पाहायला मिळण्याची सोय नाही, आणि मिळालं तर त्यावर मराठीत, माडियात, गोंडीत दोन वाक्यं सांगणारं कोणी नाही.

आमच्या सीमेपलीकडे बस्तरात मुंबईच्या नवजोत अल्ताफ १९९७ पासून कोंडागावच्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करत आल्या. व्हिडिओ त्यांनीही केले. पण तिथे त्यांनी आणि शांतीबाई, राजकुमार, गेस्सूराम या कलावंतांनी हातपंपांच्या जागाही बांधल्या, 'नलपार'. घागर डोक्यावर घेताना बाईला वाकावं लागू नये, पोरींना उभं राहायला, बोलायला जागा व्हावी, असे कट्टे. कला कशाला म्हणायचं याचं माझं उत्तर मला तिथे सापडतं.

मग आम्ही काय केलं? फार काही नाही. सिंदेवाही-मूल पट्ट्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीनंतर मी 'पारी' या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या ऐकवायला सुरुवात केली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातून सुरू करून गावागावांतून या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर. २०१७ पासून त्या आवाज, चित्र आणि अर्थासकट सगळ्यांना खुल्या आहेत. गाणारणीचं नाव, गाव, फोटो सोबत. माय आणि लेक हा तर त्यांचा मोठा विषय. आमच्या बाया ऐकत होत्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "चांगलं हाये. पन हे आमचं नाई होय. आमचं रोवन्याचं गानं अलग हाये." मग तिने गायलं. दुसरीने त्यात भर घातली. पोरींनी फोन काढले.

पुढच्या महिन्यात पोरींनी आपणहून एक गोष्ट सुरू केली. फोन मध्ये ठेवायचा, आवाज भरायला लावायचा आणि आईला एकच प्रश्न विचारायचा, जो आजवर विचारला नाही. चित्र नाही, फक्त आवाज. अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोरीने विचारलं, "माय, तू मले सातवीतून कायले काढली?" चार मिनिटांच्या त्या ध्वनिफितीत पहिलं मिनिटभर काहीच नाही, भांड्याचा आवाज, कोंबड्या. मग आई म्हणते, "तुया भावाची फी होती." पुन्हा काही नाही. मग, "अन् तू मायापेक्षा उंच झाली होती. एकटी रस्त्यानं येत होती. मले भेव वाटे." मग मुलगी म्हणते, "मले सांगायचं ना." आई म्हणते, "मले कोनी सांगतलं होतं?"

मी एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आंतरपिढीय संवादावर तीन तास व्याख्यान ऐकलेलं आहे. त्यात इतकं नव्हतं. आणि त्या काळोख्या खोलीतल्या तीन पडद्यांवरही नव्हतं.

आता पुढचं ऐका, कारण इथेच खरा प्रश्न आहे. त्या घरात मोठा फोन एकच, तो भावाचा. चुलतभावाने ती ध्वनिफीत ऐकली आणि गावातल्या पोरांच्या गटात टाकून दिली. त्याच फोनमध्ये दुसऱ्या एका बाईने दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल लेकीला सांगितलेलंही होतं. ते सुद्धा गेलं. पानठेल्यावर हशा झाला. ती बाई तीन आठवडे घराबाहेर निघाली नाही. गटातल्या चौदा बाया ग्रामसभेत उभ्या राहिल्या, सरपंचांसमोर त्या पोरांकडून ते पुसून घेतलं, माफी वदवली. पण पुसलं म्हणजे खरंच पुसलं का, हे फोनच्या जगात कोण सांगणार? आता त्या गावात आवाज भरलेलं कार्ड फोनमध्ये राहत नाही. ज्या बाईचा आवाज, तिच्या पेटीत. लेकीला ऐकायचं तर आईकडे मागायचं. २०१५ मध्ये 'मुलीसोबत सेल्फी' काढून पाठवायची मोहीम देशभर गाजली, बापांनी हौसेने फोटो टाकले. त्या फोनावर मुलीचा हात किती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

आपल्या घरातलंही बोलायला हवं. देणगीदारांसाठी आपण जी फिल्म करून घेतो तिचा साचा ठरलेला असतो. आई अंगठेबहाद्दर, चुलीच्या धुरात. मुलगी पांढऱ्या गणवेशात, नर्स. आई अंधार, मुलगी उजेड. कुर्माघरावरच्या फिल्मांत हे फार दिसतं. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या पडक्या झोपडीत राहायचं, पावसात, साप-विंचवांत, हा अन्यायच आहे, त्यावर मला तडजोड नको. पण फिल्ममध्ये आई ही रूढीची पहारेकरीण आणि मुलगी तिची बळी, एवढंच उरतं. एटापल्लीकडच्या बाया मला सांगतात की कुर्म्यात निदान सरपण आणायला कोणी सांगत नाही, चार दिवस बाया-बायांत बोलणं होतं, पोरींना शरीराचं पहिलं ज्ञान तिथेच मिळतं. दोन्ही खरं आहे. झोपडी जावी आणि ते बोलणं, ती विश्रांती राहावी, हा अवघड विचार आहे. तो तीन मिनिटांत बसत नाही म्हणून आपण आईलाच खलनायिका करतो.

आईला अंधार समजणाऱ्यांनी १९८९ चा डॉ. राणी आणि अभय बंग यांचा अभ्यास आठवावा. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग, आणि याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये तो आला आणि जगाला समजलं की बायांचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे. पण त्या आकड्यांच्या आधी बायांनी बोलणं आलं. अंगावरून जाणं, कंबर धरणं, यांची त्यांची स्वतःची नावं होती, कारणं होती, झाडपाला होता. त्या अंधारात नव्हत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

या दोन्ही जिल्ह्यांत चित्रीकरणाला येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गाठ घालून द्या म्हणून ते संस्थांकडे येतात, आणि आपण चांगल्या मनाने गाडी, जेवण, दुभाषी आणि एक 'बोलकी' बाई पुरवतो. माझी सगळ्या गटांना विनंती आहे की हे थांबवा. निदान काही गोष्टी आधी वदवून घ्या. बाई काय बोलली ते पडद्यावर तिच्या भाषेत ऐकू येईल आणि बघणाऱ्याच्या भाषेत लिहून येईल. तयार झालेलं काम इतर कुणाला दाखवण्याआधी त्या गावात, रात्री, सगळ्या बायांना दाखवलं जाईल, आणि तेव्हा बाई नको म्हणाली तर नको. बुडालेल्या दिवसाची मजुरी चित्रीकरणाच्या आधी मिळेल, ऊन खांबापर्यंत आल्यावर नाही. नाव लावायचं की झाकायचं हे ती ठरवेल. मुलगी लहान असेल तर तिच्या आईची सही पुरेशी नाही, मुलीलाही विचारायचं, आणि तिने शाळेबद्दल काही सांगितलं तर कॅमेरा बंद करून ते ऐकायचं. आणि यंत्राने बनवलेल्या सहा बोटांच्या माया आपल्या गटांवर टाकणं बंद.

हे अशक्य आहे, असं झालं तर कोणी येणारच नाही, असं मला आमच्याच एका बैठकीत सांगण्यात आलं. नाही आले तर काय बिघडलं? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू कोणाला, कोणत्या भावाने, हे गाव ठरवू लागलं. तेव्हाही लोक म्हणत होते की ठेकेदार येणारच नाहीत. बांबूला जो नियम लावता येतो तो मायच्या चेहऱ्याला का लावता येऊ नये?

या मार्चमध्ये आमच्याकडे एक पत्र आलं. मोह वेचणाऱ्या आई-मुलींवर काही करायचं आहे, पाच दिवस, दोन कॅमेरे, 'अस्सल' गाव सुचवा. पत्र मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. बायांनी उत्तर लिहायला सांगितलं, ते मी लिहिलं, खाली सोळा जणींच्या सह्या आणि तीन अंगठे आहेत. त्यात चार प्रश्न आहेत. दाखवणार कुठे? बोलणं ठेवणार की काढणार? मोह पहाटे पडतो, पाच दिवस तुमच्यासाठी थांबलो तर आमचा मोह कोण वेचणार? आणि चौथा, त्या आवाज भरणाऱ्या पोरीने घातलेला: तुमच्या आईवर असं काही केलं आहे का? मोहाचा हंगाम संपला, आता तेंदू सुरू होईल. उत्तर अजून आलेलं नाही.